नाकाची उंची

लोकांच्या घरातली हवा तपासणं हा माझा धंदा. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो, मग नकळत एक खोल श्वास घेतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करता तुम्ही?" बावीस वर्षांत मला याचं चटपटीत उत्तर सापडलेलं नाही. मी खोलीच्या मधोमध एक स्टँड उभा करतो, त्याच्यावर मुठीएवढा पंप बसवतो. पंप दहा मिनिटं घुंई करत हवा ओढतो आणि हवेतली बुरशी आतल्या चिकट काचेवर जाऊन बसते. तशीच एक काच घराबाहेरच्या हवेची घ्यायची. दोन्ही काचा प्रयोगशाळेत जातात. घरातली बुरशी बाहेरच्यापेक्षा जास्त निघाली की समजायचं, भिंतीत कुठेतरी ओल मुरते आहे. रंगाची, गोंदाची, गॅसची हवेतली घाण मोजायला वेगळी यंत्रं आहेत. गल्लीत मला हवामास्तर म्हणतात. पाठीमागे आणखी काही म्हणतात, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या धंद्यात माणूस हळूहळू शेफारतो. त्याचं कारण गिऱ्हाइकं. स्वतःच्या घराबद्दल कुणीही खरं बोलत नाही. बारा तास आधी दारं-खिडक्या बंद ठेवा असं मी तीनतीनदा बजावतो, तरी तपासणीच्या सकाळी घर फिनेलने पुसलेलं असतं आणि खिडक्या सताड उघड्या असतात. कुणी येणार म्हटलं की घर आवरायचं, हे लोकांच्या हाडात मुरलेलं असतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर भिंतीवरचा काळा डाग झाकायला स्वतः त्याच्यासमोर उभं राहून मला हाताने सगळं घर दाखवलं. मी चारही खोल्या फिरून आलो, ते जागचे हलले नाहीत. अशा गमती मी घरी येऊन बायकोला सांगायचो. लोक किती भोळे, किती लबाड, आणि आपण कसे एका नजरेत ओळखतो! ती शिवणमशीन चालवत ऐकायची आणि मधूनमधून खोकायची.

आता या खोकल्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

बायको घरीच शिवणकाम करते. मागच्या छोट्या खोलीत तिचं मशीन, वाफेची इस्त्री, कापडांचे ढीग आणि बसायला एक बुटकं स्टूल. गेल्या वर्षी तिला खोकला लागला तो लागलाच. डॉक्टरांनी तीन वेळा औषध बदललं. ती मला म्हणायची, "अहो, त्या खोलीत बसलं की छातीत काहीतरी धरल्यासारखं होतं."

"मग बसू नकोस सारखी."

"आणि कपडे कोण शिवणार, तुमचा पंप?"

शेवटी मी तिच्यावर उपकार केल्यासारखी घराची तपासणी केली. नियमाप्रमाणे सगळी दारं-खिडक्या बंद केल्या, तिच्या खोलीचं दारही ओढून घेतलं आणि हॉलच्या मधोमध स्टँड लावला. तिच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, शिवाय कापडाचे तंतू पंपात गेले असते. माझ्या महागड्या पंपाची मला काळजी. निकाल आला : हवा स्वच्छ. दोन महिन्यांनी पुन्हा केली. स्वच्छ. आणखी दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा केली, तीही स्वच्छ. तिसरा अहवाल मी चुंबकाने फ्रिजच्या दारावर लावला. दूध काढायला गेली की ती माझी सही वाचायची आणि खोकायची.

"कागदावर काही नाही म्हणजे काही नाही," मी सांगितलं. "असतात मनाचे खेळ."

चार दिवसांनी ती धाकट्या बहिणीकडे राहायला गेली.

आठवड्याभराने मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, तिचा खोकला गेला हो! इथे आल्यापासून चौथ्या दिवशी थांबला."

"हवापालट झाला ना, त्याने बरं वाटतं," मी म्हणालो. फोन कानाला तसाच होता, आणि आपण काय बोललो ते डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. माझ्यासारख्या माणसाने हे वाक्य उच्चारायचं म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या हाताने स्वतःला नापास करायचं.

मग बायको फोनवर आली. आवाज मोकळा होता, वर्षभरात ऐकला नव्हता इतका. "मी मोजपट्टीला बोलावलंय. शनिवारी येईल. तिलाही काही सापडलं नाही, तर मी मशीन इकडे आणायला टेम्पो सांगते."

"म्हणजे?"

"म्हणजे इकडेच राहीन. हिची मागची खोली रिकामी आहे. मला श्वास घ्यायचाय हो, भांडायचं नाही."

मोजपट्टी म्हणजे माझी जुनी मदतनीस. दोन मुलांची आई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पर्समध्ये कायम मोजायची टेप. सहा वर्षं तिने माझ्या हाताखाली काम केलं, मग स्वतःचा जम बसवला. हवेतलं तिला जे काही कळतं ते मी शिकवलेलं. आता माझ्याच शिष्येने माझ्याच घरात येऊन माझंच काम तपासायचं! नाक कापलं जाणार ते जाणार, तेही आपणच धार लावून दिलेल्या सुरीने. तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला बायको जाण्याच्या भीतीपेक्षा आपली चूक सापडण्याची भीती जास्त होती. हे लिहितानाही कान गरम होतात.

शनिवारी पहाटे उठून मी काय केलं असेल? फरशी पुसली. दोनदा. फिनेल घालून. आणि खिडक्या उघडल्या. सगळ्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हात आपोआप चालत होते. दारावरची बेल वाजली तेव्हा माझ्या हातात ओलं फडकं होतं.

मोजपट्टी आत आली आणि जागीच थांबून तिने हुंगलं. तिच्यामागे बायको, तोंडाला ओढणी बांधलेली.

"सर, खिडक्या?"

"जरा मोकळी हवा यावी म्हणून."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. तिच्या जागी मी असतो तर काय लिहिलं असतं ते मला पाठ होतं. मग ती अगदी मऊ आवाजात, चुकार गिऱ्हाइकाशी बोलायला मीच शिकवलेल्या आवाजात म्हणाली, "काही हरकत नाही. आज सगळं बंद ठेवा, मी उद्या येते." बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फडक्याकडे पाहिलं आणि तीही बहिणीकडे परत गेली. मी मुख्याध्यापकांसारखा तिथेच उभा राहिलो.

रविवारी दोघी पुन्हा आल्या. मी हॉलमधली माझी नेहमीची जागा मोकळी करून ठेवली होती. मोजपट्टीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"काकू, तुम्ही दिवसभर कुठे बसता?"

बायकोने मागची खोली दाखवली.

"आत जागा नाही," मी म्हणालो. "आणि तंतूंनी पंप बिघडेल."

"मग जागा करू, सर. पंप माझा आहे."

तिने कापडांचे दोन ढीग उचलून बाहेर ठेवले, बायकोला स्टुलावर बसायला सांगितलं, टेप काढली आणि जमिनीपासून बायकोच्या नाकापर्यंत माप घेतलं. साडेतीन फूट. तेवढ्या उंचीवर पंप लावून सुरू केला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "तुमच्या तीन तपासण्या किती उंचीवर होत्या?"

"नाकाच्या. पाच फूट दोन इंच."

"कुणाच्या नाकाच्या?"

घरात पाच फूट दोन इंचांवर एकच नाक आहे, आणि ते हॉलमध्ये चहा पीत उभं असतं.

"तुम्हीच सांगितलं होतं मला पहिल्या दिवशी," ती म्हणाली. टोमणा मारत नव्हती, तेच जास्त लागलं. "आधी विचारायचं, त्रास कुणाला आहे. मग बघायचं, ते माणूस कुठे बसतं. यंत्र त्यानंतर."

दहा मिनिटांनी पंप थांबला. "सर, एक मिनिट तुम्ही बसता इथे?"

बायको उठली, मी बसलो. अकरा वर्षं ते स्टूल आमच्या घरात आहे. त्याच्यावर मी पहिल्यांदाच टेकत होतो. गुडघे मशीनला लागले. उजव्या कानापासून हातभर अंतरावर एक लाकडी कपाट, खिडकीचा अर्धा भाग अडवून, बाहेरच्या भिंतीला घट्ट चिकटून उभं. मी नाकाने श्वास घेतला. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट, जड वास. प्रयोगशाळेची काही गरज नव्हती. नवशिक्यालाही कळलं असतं.

मोजपट्टीने कपाटाशेजारच्या भिंतीत ओल मोजायच्या यंत्राची सुई टोचली, तर यंत्राचा काटा शेवटपर्यंत गेला. आम्ही तिघांनी मिळून कपाट ओढलं. मागची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत काळी-हिरवी, लव आल्यासारखी. कपाटाची पाठ तशीच. आतल्या फायली तशाच.

त्या फायली माझ्या. बावीस वर्षांत मी लोकांना दिलेल्या अहवालांच्या प्रती. हॉलमध्ये कपाट बरं दिसत नाही म्हणून गेल्या वर्षी मीच ते तिच्या खोलीत लोटलं होतं. रोज इस्त्रीची वाफ त्या थंड भिंतीवर बसत होती, सुकायला वारा नव्हता, आणि बुरशीला खायला माझे कागद होते. सगळ्यात वरच्या पानावर माझ्या अक्षरात 'काहीही आढळले नाही' असं लिहिलं होतं, आणि त्या 'काहीही'वर बुरशीची लव होती.

"भिंतीला चिकटवून कुणी ठेवलं?" मोजपट्टीने विचारलं. फॉर्ममध्ये तो प्रश्न असतो. मीच घातला आहे.

"मी."

कपाट भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, हे मी आजवर हजार घरांत सांगितलं असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. आमचा पाषाण कोरडा असता तरी बरं झालं असतं.

मोजपट्टी फॉर्म भरत होती. "त्रास कधीपासून, काकू?"

"वर्ष होत आलं."

"यापूर्वी कुणा तपासनिसाला सांगितलं होतं?"

बायकोने ओढणी जरा सारखी केली. माझ्याकडे पाहिलंही नाही. "नाही गं," ती म्हणाली. "कुणाला नाही सांगितलं. यांनी तपासलं ते आपलं असंच."

शिष्येसमोर माझी अब्रू राखायला ती खोटं बोलली. वर्षभर जिला मी खोटं ठरवत होतो, ती पहिल्यांदा खोटं बोलली ती माझ्यासाठी. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "मला. लिही."

"किती वेळा, सर?"

मला आकडा सांगता येईना. बावीस वर्षं जो माणूस हवेतला कण न् कण मोजतो, त्याने हे मोजलंच नव्हतं. "रोज," मी म्हणालो. "आणि मी म्हटलं, मनाचे खेळ आहेत. तेही लिही."

तिने ते जसंच्या तसं लिहिलं. मी चांगलं शिकवलं होतं तिला.

फायली कचऱ्यात गेल्या. भिंतीचं प्लास्टर खरवडून नवं केलं, ते पूर्ण वाळेपर्यंत मी रोज सकाळ-संध्याकाळ सुई टोचून बघत होतो. कपाट आता हॉलमध्ये माझ्या खुर्चीशेजारी आहे, भिंतीपासून चार बोटं, आणि बरं दिसत नाही. मोजपट्टीने पुन्हा येऊन साडेतीन फुटांवर पंप लावला. निकाल चांगला आला. फ्रिजवर तो लावायचं धाडस मी केलं नाही. माझा जुनाही काढून टाकला.

पाच आठवड्यांनी बायको परत आली. पहिल्या दिवशी ती मशीनवर बसली आणि मी हॉलमध्ये वर्तमानपत्र उलटं धरून ऐकत बसलो. मशीन चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. एक तास गेला. दुसरा गेला. मग आतून आवाज आला. खोकला.

मी पंप उचलला, स्टँड काखेत मारला, टेप दातात धरली आणि धावत आत शिरलो. बायको डोळ्यांतलं पाणी पुसत माझ्याकडे बघत होती.

"अहो, सुपारीचा ठसका लागलाय," ती म्हणाली. "ते सगळं खाली ठेवा आणि पाणी आणा आधी."

मी सगळं खाली ठेवलं आणि पाणी आणलं. तिचं पिऊन होईपर्यंत तिथेच, स्टुलाशेजारी जमिनीवर बसलो. नाक आपोआप साडेतीन फुटांच्याही खाली आलं होतं.