सगळे सत्काराला

अन्याय झाला तो चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यातून काढून टाकलेल्या एका बाईवर. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेआधीच्या गुरुवारी, कामगार न्यायालयात सकाळी तिच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा. मालकाचं सोडा, त्याच्यावर आमच्या कामगार संघटनेची पत्रकं काढून झाली आहेत. हा अन्याय आम्ही केला. तिच्या बाजूच्या माणसांनी.

ही मावशी मूळची सांगोल्याकडची. बायकांच्या संडासाला आतून कडी बसवा, एवढंच ती सुपरवायझरला म्हणाली होती. कडी बसली नाही, मावशीच बाहेर गेली. तिचं प्रकरण आमच्या वकीलबाईंनी घेतलं.

या बाईंचं टेबल कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये होतं. समोरच्या वकिलाला त्या उभा-आडवा सोलायच्या आणि पक्षकाराला चहा पाजल्याशिवाय घरी सोडायच्या नाहीत. पत्रक लिहायला मी त्यांच्याकडेच शिकले. "आधी वाटोळं कुणाचं झालं ते लिही," त्या म्हणायच्या, "तुझा राग नंतर." मग पक्षाने बोलावलं, विधान परिषद मिळाली आणि एक दिवस त्या दूरच्या एका राज्याच्या राज्यपाल झाल्या. राज्याच्या घटनात्मक प्रमुख. पुढेमागे गाड्या, निर्णय दुसऱ्यांचे, सही यांची. वकिली अर्थातच सुटली. मावशीची फाइल त्यांच्या ज्युनिअरकडे आली.

त्या गुरुवारी बाईंचा सोलापुरात सत्कार होता. हॉल काळ्या कोटांनी भरलेला. ज्युनिअर पुष्पगुच्छ धरून पहिल्या रांगेत. मी मागे, गळ्यात पास, फोन बंद. मावशीची तारीख आहे हे त्यालाही माहीत होतं, मलाही. आजच्या दिवशी कोर्ट सांभाळून घेईल, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

बाई बोलायला उठल्या. समोर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "सगळे वकील इथं? मग कोर्टात कोण आहे?"

हॉल हसला. मीही हसले, टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाई हसल्या आणि त्यांनी भाषणाचा कागद उलगडला. उत्तराची वाट त्यांनीही पाहिली नाही.

कोर्टात पुण्याहून आलेला कंपनीचा वकील होता. त्याला सत्काराचं आमंत्रण नव्हतं.

मी बाहेर आले तर गेटवर मावशी हवालदाराशी भांडत होती.

"पास दाखवा, मावशी."

"पास न्हाय. आमच्या वकीलबाई हायत आत."

"आज समद्यांच्याच हायत त्या!"

मी तिला बाजूला घेतलं. काय झालं, विचारलं.

"नाव पुकारलं. मी हाय म्हनले. सायेब म्हनले, वकील कुटं? म्हनलं, येत्यात की. लई वाट बगितली त्यांनी. मग लिवलं कायतरी."

लिहिलं होतं ते असं: वकील गैरहजर, प्रकरण खारीज.

तेवढ्यात ज्युनिअर आला, डोक्यावर फेटा तसाच. ऐकून त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "घाबरू नका मावशी. प्रकरण परत सुरू करायला अर्ज करू. तुम्ही आजारी होता, म्हणून येता आलं नाही, असं लिहू. तुमची फक्त सही लागेल."

"मी आजारी? मी तर हुते की तितं. तुमी नव्हता."

"अहो, कोर्टाला कारण द्यावं लागतं."

"मग खरं द्या."

खरं लिहायला कुणी तयार नाही. ज्युनिअरने फाइल परत केली. मी आणि मावशी चेंबर-चेंबर हिंडलो. एक ज्येष्ठ म्हणाले, "बाईंचं नाव येईल गं त्यात. राज्यपाल आहेत. बरं दिसतं का?" दुसऱ्यांनी विचारलं, "तू कुठं होतीस गं तेव्हा?" मावशी शेजारीच बसली होती.

अर्जाची मुदत संपत आली आहे. ती गेली की मावशीच्या नोकरीची आशा गेली. मला लाज वाटते, पण माझ्या लाजेनं तिला कुणी कामावर घेणार नाही. तुम्ही वकील असाल तर तिचं वकीलपत्र घ्या आणि अर्जात लिहा: पक्षकार हजर होती, आम्ही सत्काराला गेलो होतो. वकील नसाल तर ओळखीच्या वकिलाकडे आजच जा आणि हे त्याच्याकडून लिहून घेतल्याशिवाय उठू नका.