तालमीच्या दारातली तोटी

गैबीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पाट्यावर बदाम वाटत होता आणि कुणाला तरी शिव्या देत होता. नंतर कळलं, शिव्या बदामालाच होत्या. एक कडू निघाला होता.

तरुणपणी गैबी चांगला पैलवान होता. कान मुडपून गेलेले. मग गुडघा गेला, कुस्ती सुटली. तालीम सुटली नाही. आखाडा खणायचा, थंडाई करायची, पोरांची अंगं रगडायची. रात्री तिथंच वळकटी पसरायची. दुसरं घर त्याला नव्हतं.

मी नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी नव्हती, म्हणून तालमीत जायला लागलो. गैबीनं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बीए म्हंजे कंचा वजनी गट?"

तिथून आमची दोस्ती.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. तालमीतली पोरं पटापट आडवी झाली. ज्ञानू तर इतका गळाला की गैबीनं त्याला सायकलवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरनं आधी गैबीलाच अडवलं. साबणानं हात धुवायला लावले. रोग हातातनं पोटात जातो, एकाचा दुसऱ्याला लागतो, असं खडसावून सांगितलं.

गैबी परत आला तो साबणाची वडी घेऊनच.

मेहनत झाली की पोरं आपापला पेला थंडाईच्या पातेल्यात बुडवायची. मातीचे हात मनगटापर्यंत आत. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दारातल्या उंबराला तेलाचा रिकामा डबा टांगलेला दिसला. पाण्यानं भरलेला. खाली तोटी. शेजारी जुन्या लंगोटाच्या चिंधीत बांधलेला लाल साबण. आत पातेल्यावर झाकण आणि झाकणावर गैबीचा पंजा.

"हात धुतल्याबिगर थंडाई न्हाय."

पोरं हसली. जोतीराम वस्ताद हसले नाहीत. तालीम त्यांच्या शब्दावर चालायची.

"गैबी, ह्या मातीत काय काय हाय, ठावं हाय न्हवं?"

"हाय की. मीच कालवतो. हळद, ताक, लिंबू, तेल."

"मग? औषध हाय ती! कपाळाला लावतो आपण. तिला तू घाण म्हंतोस? झाकण काढ. न्हायतर वळकटी उचल आन वाट धर."

मला वाटलं, आता हा झाकण काढणार. जाणार कुठं?

गैबीनं पंजा हलवला नाही.

"वस्ताद, मातीला घाण कोन म्हणंल? पर ही पोरं पहाटं टमरेल घिऊन जात्यात आन तशीच आखाड्यात उतरत्यात. मातीनं हात झाकतोय, धुतला जात न्हाय. आन जिच्या पाया पडायचं, ती माती थंडाईतनं पोटात. पोटातनं सकाळी कुठं जातीया? सांगू?"

"नगो!" मागून कुणीतरी ओरडलं.

हशा उसळला. केरबासारखा थोराड गडी हसता हसता खालीच बसला.

"तोटीखाली धुतली तर उंबराच्या मुळाशी जाईल," गैबी म्हणाला. "तिचा मान ऱ्हाईल."

मी आ वासून बघत होतो.

वस्ताद उठले. तोटीखाली हात धरले. मातीचं लाल पाणी उंबराच्या बुंध्याशी मुरलं. साबण लावला, फेस केला, हात झटकले. पेला घेऊन पातेल्यापाशी आले.

गैबीनं त्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले.

"नखं ऱ्हायली."

नुकतीच वाचलेली वळकटी ह्या गड्यानं पुन्हा डावावर लावली होती. वस्तादांनी आपली नखं उजेडात धरून पाहिली. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"ह्याला सिस्टर कुनी केलं रं?" ते म्हणाले आणि पुन्हा तोटीकडं वळले.

गैबीनं झाकण काढलं. ओगराळ्यानं वस्तादांचा पेला भरला. तोवर दारात रांग लागली होती आणि साबणावरून पहिलं भांडण जुंपलं होतं.