न मिळालेला कौल

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. मला तो तपासून घ्यायचा होता, भेंडी घेताना टोक मोडून बघतात तसा. गिरण्यांचा संप फसल्यानंतरची ती वर्षं. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि दर रविवारी भांडुपच्या टेकडीवर, कोकणातल्या लोकांनी बांधलेल्या देवळात फॉर्म घेऊन बसत होते. तिथे गुरव देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावून कौल घेत. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कौलाआधी आणि नंतर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची, मनात भीती दहापैकी किती? उजवा कौल मिळालेल्यांची भीती जास्त उतरते, हे माझं गृहीतक. पण आकड्यांत उजव्या-डाव्याचा फरकच दिसेना. कौलाचा काही परिणाम नाही, असं लिहून मी मोकळी होणार होते.

त्याच आठवड्यात यांच्या, माझ्या नवऱ्याच्या, हृदयाचं ऑपरेशन ठरलं. धोका करण्यातही होता आणि न करण्यातही. "तू ठरव," हे म्हणाले. संमतीचा कागद तीन दिवस पर्समध्ये घेऊन मी हिंडत होते, सही काही होत नव्हती.

रविवारी सवयीने देवळात गेले. तिथे हार करायला येणाऱ्या तावडे काकूंनी माझा चेहरा पाहिला आणि हातातला फॉर्मच काढून घेतला.

"सगळ्यांक विचारतंस. तुका कोणी विचारल्यान गो बाय? भीती किती?"

"दहा," म्हटलं आणि मला रडू कोसळलं.

काकूंनी मला देवीपुढे बसवलं. पाकळ्या लावल्या. अर्धा तास गेला, एकही पडेना. शेवटी गुरव म्हणाले, "माऊली आज बोलत नाय. गाऱ्हाणा घालूया." ते हात जोडून उभे राहिले. "आई माऊली, ह्या लेकराच्या घोवाक बरो कर, आणि तिका बळ दी महाराजा." देवळातली सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा."

त्यांतल्या कितीतरी जणांना मी नावानेही ओळखत नव्हते. कौल न घेताच मी उठले. काकूंना सोबत घेऊन हॉस्पिटल गाठलं आणि सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी काकू माझ्याशेजारी बाकावर बसून होत्या. मन रमावं म्हणून मी जुने फॉर्म चाळू लागले आणि चूक दिसली. उजवा असो की डावा, कौलानंतर जवळजवळ प्रत्येकाची भीती उतरली होती. फरक शोधण्याच्या नादात मला ते दिसलंच नव्हतं. कौल कोणताही येवो, मी दुसऱ्यांदा भीती विचारण्याआधी गाऱ्हाणं तर प्रत्येकासाठीच घातलं जायचं, आणि त्याला माझ्या फॉर्मवर जागाच नव्हती.

हे बरे होऊन घरी आले. ते देवीने केलं की डॉक्टरांनी, मला सिद्ध करता येणार नाही, आणि आता तशी इच्छाही नाही. उत्तर मिळालं नाही तरी तिच्या हाती सोपवून पुढे जाता येतं, एवढं तिने शिकवलं. त्यानंतरच्या रविवारी एका अनोळखी बाईच्या लेकीसाठी गाऱ्हाणं सुरू झालं. मी फॉर्म पिशवीत टाकले आणि हात जोडून त्या माणसांत जाऊन उभी राहिले.