धाकट्या साहेबांची आवडती गोष्ट

धाकटे साहेब आता सत्तरीला टेकलेत, तरी अजून धाकटेच आहेत. थोरले साहेब जाऊन जमाना लोटला, पण आमच्या भागात थोरलेपण अजून त्यांच्याच नावावर आहे. ते आपल्याकडे ओढून घ्यावं असं धाकट्यांच्या हातून काही घडलं नाही. आमदारकी वडिलांची, शिक्षणसंस्था वडिलांची, भाषणाआधी दोनदा खाकरायची लकबसुद्धा वडिलांचीच. मधे एकदा राज्यमंत्री झाले, दोनदा पक्ष बदलला, आणि दोन्ही वेळा 'कार्यकर्त्यांच्या आग्रहाखातर' बदलला. तो आग्रह करणारा कार्यकर्ता मी आजवर पाहिलेला नाही.

त्यांचं स्वतःचं म्हणावं असं एकच आहे, गोष्ट सांगायची हौस. आणि त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट माझ्या वडिलांची आहे.

ती गोष्ट अशी. बहात्तरच्या दुष्काळात थोरले साहेब बोअरची गाडी घेऊन आमच्या बौद्धवाड्यात आले. वाड्यातल्या वडीलधाऱ्या माणसाला म्हणाले, नारळ तुम्ही फोडा, आज मान तुमचा. तो म्हणाला, आम्ही दीक्षा घेतली आहे, आम्ही नारळ फोडत नाही. थोरल्या साहेबांचे डोळे पाणावले. त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या श्रद्धेचा मान राखला. "हे संस्कार घेऊन मी वाढलो," असं इथे धाकटे साहेब म्हणतात. मग टाळ्या. "मी स्वतः तिथे उभा होतो," असंही हल्ली जोडतात. ते तेव्हा पुण्यात कॉलेजात होते.

मी मात्र तिथे होते. बारा वर्षांची, हातात रिकामी घागर घेऊन.

आमचं गाव उदगीरच्या पुढे, जळकोटच्या वाटेला. तेव्हा आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. त्या वर्षी गावची विहीर तळाला गेली. ती भरलेली असतानाही आम्हांला तिच्यावर चढता येत नव्हतं, कुणीतरी वरून ओतायचं तेव्हा मिळायचं. विहीर आटल्यावर ओतणारेच आटले. आम्ही बायामुली ओढ्यात झिरा उकरून वाटीवाटीनं घागर भरत होतो. शेजारच्या काकूंचा नंबर माझ्या पुढे असायचा. त्यांचं पोर तापानं फणफणलं होतं, म्हणून मी माझाही नंबर त्यांना द्यायची.

आणि एका सकाळी बोअरची गाडी वाड्यात शिरली. तेवढी मोठी गाडी आम्ही कधी पाहिली नव्हती. काकू तापलेलं पोर कडेवर घेऊन धावल्या. मागे साहेबांची जीप, जीपमधून साहेब, त्यांच्यामागे उदगीरचा फोटोवाला. गाडीचं इंजिन इतकं घरघरत होतं की साहेबांना ओरडून बोलावं लागत होतं. एरवी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, "का रं" म्हणून हाक मारणारे साहेब त्या दिवशी अहो-जाहो करत होते. कॅमेरा असला की त्यांच्या तोंडात व्याकरण यायचं.

त्यांनी अप्पांच्या हातात नारळ दिला. अप्पांनी तो हातात घेतला, बघितला आणि परत केला.

"साहेब, आमी नारळ फोडत न्हाई. पाणी लागू द्या, सगळे मिळून वंदना म्हणू."

साहेबांचे डोळेबिळे काही पाणावले नाहीत. ते हसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरोबर आहे. आम्हांला कुणाच्या धर्मभावना दुखवायच्या नाहीत." फोटोवाल्यानं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो घेतला. मग साहेबांनी ड्रायव्हरला मान हलवून खूण केली आणि गाडी वाड्यातून निघून गेली. संध्याकाळी कळलं की साहेबांच्या मळ्यात बोअर पडली आणि पाणी लागलं. तिथे नारळ कुणी फोडला ते विचारायला कुणी गेलं नाही.

काकू अप्पांपुढे आल्या. "एक नारळ फोडला असता तर काय तुझा हात झडला असता?" त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो. मी तर त्यांच्याहून वाईट बोलले. मी अप्पांना म्हणाले, "तुमच्या दीक्षेनं तहान भागती का?"

अप्पा घागर उचलून ओढ्याकडे गेले. पुरुषमाणूस झिऱ्यावर जात नसे, ते त्या दिवसापासून जायला लागले.

काकूंचं पोर वाचलं, पण तोंडं जी फिरली ती फिरलीच. अप्पा दिसले की काकू पदर ओढून दुसरीकडे बघायच्या. वाड्यात कुठं लग्न निघालं, कुठं भांडण झालं, पाण्याचा विषय आला की कुणीतरी म्हणायचंच, "आलेली गाडी घालवली." साहेबांना कुणी काही म्हणत नव्हतं. त्यांनी तर मान राखला होता! पुढे कधी आमची माणसं बोअर मागायला गेली की साहेबांचे सेक्रेटरी हळहळत म्हणायचे, तुमच्याकडे भावनांचा प्रश्न आहे. आदर करून माणसाला तहानलेलं ठेवायची ही रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

दुष्काळ सरल्यावर अप्पांनी मला भोकरला आत्याकडे शाळेला धाडलं, तिथून नांदेडच्या वसतिगृहात. एस.टी.त बसताना मी त्यांच्या पाया पडले नाही. मला राग होता आणि तो मी नेटानं जपला. सुट्टीत घरी यायची, भाकरी टाकायची, आणि त्यांच्याशी कामापुरतं बोलायची.

मग लातूर जिल्हा झाला. गावोगाव फटाके वाजले, आणि मला नव्या जिल्ह्याच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. जिल्हा होणं म्हणजे भाषणं आणि कमानी असं लोकांना वाटतं. आमच्यासाठी जिल्हा म्हणजे उस्मानाबादहून ट्रक भरभरून आलेली गाठोडी. कुठलं गाव तिकडचं, कुठलं इकडचं, हे बघत आम्ही महिनोन् महिने कागद वेगळे करत होतो. धुळीनं शिंकून शिंकून नाक सोलून निघायचं.

त्या गाठोड्यांतल्या एकात दुष्काळात बोअर कुठे-कुठे घ्यायच्या त्याची मंजूर यादी होती, आणि गाडी रोज कुठे जाणार त्याचा तक्ता. मी आमचं गाव शोधलं. गावापुढे एकच जागा लिहिली होती, साहेबांचा मळा. यादीवर सही त्या सकाळच्या कितीतरी आधीची होती. बौद्धवाडा वर नाही, खाली नाही, कुठेच नाही. मी तो कागद उलटा करूनही बघितला.

गाडी आमच्यासाठी आलीच नव्हती. मळ्याच्या वाटेवर आमचा वाडा लागत होता. फोटोपुरती थांबली होती.

दहा वर्षं मी एका माणसाशी धड बोलले नाही, आणि ते कशासाठी, तर थोरल्या साहेबांना फोटो हवा होता म्हणून. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाव गाठलं. अप्पा अंगणात दोरी वळत बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता वाड्यात सगळ्यांना सांगते, काकूंना आधी.

अप्पांनी दोरी खाली ठेवली नाही. म्हणाले, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"त्या दिशीच. ड्रायव्हरनं इंजन बंद केलंच न्हाई. इथं भोक पाडायचं असतं तर इंजन बंद करून खाली उतरला असता का न्हाई?"

मला राग आवरेना. "मग एवढी वर्सं सगळ्यांचं ऐकून का घेतलं? माझंपण?"

त्यांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. मग म्हणाले, "लोकान्ला वाटलं, आपण न्हाई म्हणलो म्हणून गाडी गेली. वाटू दिलं. आपल्या न्हाई म्हणण्यानं साहेबाची गाडी फिरती, येवढं तरी वाटलं. गाडी आपली नव्हतीच, आपल्याला नुसतं फोटोला हुबं केलं, हे कळल्यावर त्यांच्यापाशी काय राहिलं असतं?"

 मी कागदाची गोष्ट कुणालाही सांगितली नाही. वाड्याची ही समजूत त्यांनी जपली होती, ती मोडायचा हक्क त्यांचाच होता.

तो त्यांनी पुढच्याच महिन्यात वापरला. धाकट्या साहेबांची पहिली निवडणूक होती. पुण्याहून ते शुद्ध भाषा आणि पांढरा सफारी घेऊन आले होते. नव्या जिल्ह्याच्या आनंदात गावात मांडव पडला, आणि 'स्वाभिमानी ज्येष्ठ' म्हणून अप्पांचा सत्कार ठरला. अप्पा जातील असं मला वाटलं नव्हतं. ते धुतलेलं धोतर नेसून गेले. वाड्यातली माणसं मागे सतरंजीवर, काकू कडेला.

धाकट्यांनी गोष्ट सांगितली. खाकरणं, खांद्यावरचा हात, पाणावलेले डोळे, सगळं तेव्हापासूनचंच आहे. थोरले साहेब खुर्चीत बसून स्वतःच्या थोरपणावर मान डोलावत होते. मग धाकट्यांनी अप्पांच्या अंगावर शाल घातली आणि रिवाजाप्रमाणे हातात नारळ दिला. नारळ नाकारला म्हणून ज्याचा सत्कार, त्यालाच नारळ! एवढ्या मोठ्या मांडवात हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. सत्कार करायची सवय लागली की माणूस कोण आहे ते बघायची गरज उरत नाही.

अप्पांनी नारळ हातात घेतला, बघितला, आणि दहा वर्षांपूर्वीसारखाच परत केला. वाड्याला पुन्हा फोटोपुरतंच बसवलं होतं. त्यांनी माईक जवळ ओढला.

"हा बी तुमच्या मळ्यातच फोडा. गाडी तवाबी तिकडंच चालली व्हती. वाड्यात इंजनसुदीक बंद केलं नव्हतं."

व्यासपीठावर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं धाकटे साहेब हसले, टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या. थोरले साहेब तेवढे हसले नाहीत, ते पाण्याचा ग्लास शोधत होते. आमच्या सतरंजीवर कुणी टाळी वाजवली नाही. बाया एकमेकींकडे बघत होत्या. काकू उठून उभ्या राहिल्या. "म्हंजी गाडी आपली नव्हतीच?" त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं आणि मांडवातून निघाल्या. एकेक करत सगळा वाडा त्यांच्यामागे निघाला. धाकटे साहेब आभार मानत होते, ते त्यांनी रिकाम्या सतरंजीचे मानले.

ती निवडणूक ते जिंकलेच. आमच्या उठून जाण्यानं मतपेटीला काही झालं नाही. अप्पांचं वाक्यही त्यांनी वाया घालवलं नाही. "किती विनोदी स्वभाव होता त्यांचा!" एवढंच त्याचं उरलं आहे गोष्टीत.

त्या दिवशी दिवेलागणीला काकू आमच्या दारात आल्या, डोक्यावर झिऱ्याची भरलेली घागर. ती उंबऱ्याशी ठेवली आणि तिथेच खाली बसल्या.

"धा वर्सं तुला बोलले. येकदा तरी सांगायचं व्हतं."

"पोर बरंय ना तुझं?" अप्पांनी विचारलं.

काकू पदरात तोंड खुपसून रडल्या. मी भिंतीशी उभी होते. मलाही बोलायचं होतं. दीक्षेनं तहान भागती का, हे मी बोलले होते आणि ते परत घ्यायला मला शब्द सापडत नव्हते. सफारीवाल्याला मात्र शब्दांची कधी वाण पडली नाही.

अप्पांनी घागर कलती करून तांब्या भरला. काकू पाहुण्या होत्या, पहिला मान त्यांचा. तरी अप्पांनी तो तांब्या माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "पी. सकाळधरनं उन्हात हायस."

मी प्याले.