चौरागडावर नुसता दांडा

जबलपूर स्टेशनच्या दारात शिपायाने मला अडवलं, तेव्हा माझ्या खांद्यावर पुरुषभर उंचीचा लोखंडी दांडा होता आणि त्याच्या एका टोकाला आटे पाडलेले होते.

"ये क्या है भैया, तोप की नली?"

जबलपुरातल्याच रांझीच्या कारखान्यात जन्मभर फिटर असलेल्या माझ्या सासऱ्यांना हा प्रश्न फार लागला. नळी पोकळ असते आणि हा भरीव आहे, हे त्यांनी दांडा फरशीवर आपटून सिद्ध केलं. मग पिशवीतून तीन पात्यांचं मुंडकं काढून दांड्यावर गरागरा फिरवून बसवलं. त्रिशूळ उभा राहिला. शिपायाने हात जोडले.

हा त्रिशूळ पचमढीजवळच्या चौरागडावर महादेवाला वाहायचा होता. लोक बाजारातून विकत घेतात. आमच्या बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, स्वतः घडवला, तोही गाडीत नेता यावा म्हणून सुटा होणारा. नवस त्यांचाच. 'पोरीला चांगला नवरा मिळू दे' असा. आमच्या लग्नाला आता अठरा वर्षं झाली. इतका उशीर का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "खात्री व्हायची होती."

खात्री झाली तोवर त्यांचे गुडघे गेले. माझ्या बायकोने, वैशालीने, निघताना बजावलं की बाबांनी एकही पायरी चढायची नाही, त्रिशूळ जावयाने न्यायचा. बाबा हो म्हणाले, पण ते दांड्याकडे बघत होते.

पिपरियाला उतरून समोसे खाल्ले आणि जीप धरली. घाटात प्रत्येक वळणावर त्रिशूळाची पाती ड्रायव्हरच्या मानेची चौकशी करू लागली, तेव्हा त्याने गाडीच थांबवली. बाबांनी मुंडकं काढून टॉवेलात गुंडाळलं आणि पिशवीत ठेवलं.

चैत्र संपत आला होता. सालाच्या झाडांना नवी तांबूस पालवी होती आणि सगळ्या रानाला महुआचा (मोहाच्या फुलांचा) गोडसर, थोडा आंबलेला वास येत होता. पायथ्याच्या टपरीवर बाबांना बाकड्यावर बसवलं, चहा सांगितला. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मी दांडा खांद्यावर टाकला आणि 'हर हर महादेव' म्हणून अशा झोकात निघालो की टपरीवाल्यानेही मान वर करून पाहिलं.

तो झोक पहिल्या वळणापर्यंत टिकला.

चौरागडाच्या पायऱ्या कुणी माणसाच्या पायाचं माप घेऊन केलेल्या नाहीत. एक गुडघ्याएवढी, पुढची बोटभर, तिसरी कुठे आहे ते शोधावं लागतं. उन्हात दांडा तव्यासारखा तापला. उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेताना तो आडवा फिरला आणि एका झाडाच्या फांदीत असा अडकला की काही वेळ दांडा मला धरून होता. तेवढ्यात एका माकडाने माझ्या खिशातला बिस्किटांचा पुडा काढून घेतला. घाईसुद्धा केली नाही त्याने.

अमरावतीकडच्या बायकांचा एक जथा मागून आला. त्यातली एक म्हातारी मावशी, चप्पल हातात घेऊन चढणारी, माझ्याजवळ थांबली.

"काय नेऊन राहिले जी भाऊ?"

"त्रिशूळ," मी धापा टाकत, पण अभिमानाने सांगितलं.

तिने दांडा खालून वर पाहिला. वरून खाली पाहिला. "बरं," म्हणाली आणि पुढे गेली. मला वाटलं, भक्तीने अवाक झाली.

वर पोचलो तेव्हा चारी बाजूंनी सातपुड्याचे डोंगर उतरत गेले होते आणि वारा घाम पुसत होता. देवळापाशी त्रिशूळांचे ढीगच्या ढीग. मी दांडा दोन्ही हातांनी पुजाऱ्यापुढे धरला.

"भैया," तो शांतपणे म्हणाला, "ये तो डंडा है."

मी वर पाहिलं. आटे उन्हात चमकत होते. मुंडकं खाली, टॉवेलात, बाबांच्या मांडीवर.

बाबांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. शेवटी दांडा पुजाऱ्याच्या भरवशावर भिंतीला टेकवून मी खाली सुटलो. अठरा वर्षं वाट पाहून फेडायला घेतलेला नवस मी अर्धाच वर नेला होता, आणि त्या नवसाने मिळालेला जावईही बिनमुंडक्याचाच, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

निम्म्या वाटेवर बाबा दिसले. काखेत टॉवेल, एका हाताने कठडा, आणि एकेक पायरी आडवे होऊन, खेकड्यासारखे चढत होते. चेहरा लालबुंद, पण असा खूश चेहरा मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

"बाबा, फोन तरी उचलायचा. मी येऊन नेलं असतं की हे."

"म्हणून तर नाही उचलला."

ते पायरीवर टेकले.

"तुम्ही दांडा घेऊन निघाले तेव्हाच दिसलं मला, जावईबापू. आठवण दिली असती, तर तुम्ही घेऊन गेले असते." त्यांनी टॉवेल छातीशी धरला. "मग मी काहून चढलो असतो?"

मी खांदा पुढे केला. आम्ही दर वळणावर बसलो, काकडी खाल्ली, माकडांना शिव्या घातल्या. उतरणाऱ्या त्या मावशीने टॉवेलातून डोकावणारी पाती पाहिली आणि म्हणाली, "हां, आता झाला पुरा."

वर बाबांनी मुंडकं स्वतः फिरवून बसवलं, दोनदा ओढून पाहिलं आणि त्रिशूळ ढिगात असा रोवला की शेजारचे चार हलले. मग बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. मी पुजाऱ्याकडे बघायचं टाळलं.

उतरताना ते उलटे उतरले, तोंड डोंगराकडे करून. गुडघ्यांना तसंच बरं पडतं म्हणाले. मी त्यांच्या खाली, हात पसरून.

घरी, जबलपूरच्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या बैठकीत, वैशालीने पहिलं विचारलं, "बाबा चढले नाहीत ना?"

"मी टपरीवर होतो," बाबा म्हणाले. "चहा चांगला होता."

ती तेलाची बाटली घेऊन आली आणि कौतुकाने माझेच पाय चोळू लागली. समोर खुर्चीत बाबा, लुंगीखालचे गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले, निमूट पेपर वाचत होते. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं काही सांगता येत नाही, पण कुकरची शिट्टी झाली आणि ती आत गेली, तेव्हा बाटली मी सरळ त्यांच्या खुर्चीखाली सरकवली. बाबांनी पेपर न हलवता एक हात खाली सोडला.