रावना तळ्यावरूनच जायची

एका हिवाळ्यात तीनदा रावना माझ्या गॅरेजात यायची, आणि तिन्ही वेळा तिच्या स्कूटरचे स्लायडर जळालेले असायचे. स्कूटर म्हणजे बर्फावरची, पुढे दोन स्की आणि मागे फिरता रबरी पट्टा असलेली. आमच्या गावात दुसऱ्या कुठल्या स्कूटरला कुणी स्कूटर म्हणत नाही. त्या पट्ट्याच्या आत दोन रूळ असतात आणि रुळांच्या तळाला प्लॅस्टिकची एकेक लांब पट्टी असते. तोच स्लायडर. पट्टा त्याच्यावरून घासत फिरतो. मऊ बर्फ उडून आत जात राहिला तर प्लॅस्टिक ओलं आणि गार राहतं. कोऱ्या टणक बर्फावर गाडी पळवली तर आत काहीच उडत नाही, प्लॅस्टिक तापून वितळतं, आणि गाडी थांबली की पट्ट्याच्या लोखंडी क्लिपांना चिकटून बसतं. लोकांचे स्लायडर दोन-दोन हिवाळे चालतात.

मला बोलायची खोड आहे. तिची गाडी उचलून ठेवली की माझं पुराण सुरू व्हायचं. पट्टा फार ताणू नकोस. स्लायडर खुणेपर्यंत झिजले की बदल, उगाच काटकसर करू नकोस. जळका वास आला तर जागच्या जागी थांबू नकोस, आधी मऊ बर्फ गाठ. आणि मुख्य म्हणजे तळ्याच्या बर्फावरून सरळ जाऊ नकोस, दर थोड्या वेळाने काठावर चढ आणि मऊ बर्फातून एक चक्कर मारून ये. रावना कॉफीत चीजचे तुकडे बुडवून खात ऐकायची. माझं सगळं ती करायची, शेवटचं सोडून.

कारण तळ्याचा तो काठ म्हणजे तिच्या घराचं राखीव कुरण. आठ किलोमीटरचं तळं, वाऱ्याने झाडून काचेसारखं केलेलं, आणि त्याच्या कडेने डोंगराच्या आडोशाला पसरलेलं माळरान. तिथे बर्फाखाली दगडफूल असतं. बाकी सगळीकडचं संपलं की मार्च-एप्रिलमध्ये रेनडियरच्या माद्या त्यावर जगतात. तिथून एकदा जरी स्कूटर गेली तरी दबलेला बर्फ रातोरात घट्ट होतो आणि खुराने उकरत नाही. त्याहून वाईट म्हणजे रेनडियरला आयता रस्ता मिळतो. उकरायचं सोडून कळप त्या चाकोरीने एकामागे एक चालू लागतो, ती जिथे नेईल तिथे. म्हणून मिक्कलच्या घरचं कुणीही माळावरून गाडी घालत नसे. मिक्कल म्हणजे रावनाचा नवरा. त्याचा बापही तळ्यावरूनच जायचा. रावना दुसऱ्या खोऱ्यातून लग्न होऊन आली आणि तिने ते घेतलं ते त्यांच्यापेक्षाही पक्कं.

मी तिच्या गाडीला बर्फ खरवडणारे आकडे लावून दिले होते. गाडीमागे घासत जातात, बर्फाचा चुरा उडवतात आणि स्लायडर गार ठेवतात. एक आकडा तिने गाडी मागे घेताना मोडला. दुसरा स्वतःच काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाली, त्याच्या किंचाळण्याने माद्या बिथरतात. मग तिने तिची युक्ती काढली. मासे भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट मऊ बर्फाने भरून मागच्या घसरगाडीवर ठेवायची, आणि दर किलोमीटरला उतरून फावड्याने तो बर्फ पट्ट्याच्या आत लोटायची. मी गावभर सांगितलं, आमच्याकडे एक बाई आहे, ती बर्फाच्या देशात बर्फ वाहून नेते. लोक हसले. तिच्या कानावर गेलं तेव्हा तीही थोडी हसली. मिक्कल तेव्हा होता.

दोन वर्षांपूर्वी, शरद ऋतूत कळप विभागायच्या दिवशी, मिक्कल कुंपणाला टेकून कॉफी प्यायला बसला तो उठलाच नाही. त्याला गाडीत घालून नेलं. रावना सोबत गेली नाही. तिने जनावरं पकडायचा दोरीचा फास उचलला आणि संध्याकाळपर्यंत जनावरं वेगळी केली. त्यावरून बायका अजून बोलतात. मी एकदा आगाऊपणे विचारलंच. "कळप आत होता," एवढंच ती म्हणाली. पुढे तिच्या घरी गेलो तर मिक्कलचा कोट दाराशी तसाच, त्याचे बूट तसेच, आणि ती त्यांच्याकडे न बघता ये-जा करत होती. रडताना तिला कुणी पाहिलं नाही. मला वाटलं, बाई घट्ट आहे. माझं बऱ्याच गोष्टींबद्दल चुकतं.

या हिवाळ्यात डिसेंबरमध्ये पाऊस पडला आणि लगेच गोठला. जमिनीवर बर्फाचा जाड थर धरला, खालचं दगडफूल बंद झालं. ज्याला त्याला चारा विकत आणावा लागला. फक्त रावनाचं ते आडोशाचं माळरान मऊ राहिलं. तिच्या माद्या सगळ्या गाभण होत्या. त्या मे महिन्यापर्यंत जगल्या, पाडसं झाली, तर कळप टिकणार होता. नाही तर कानावर मिक्कलच्या घराची खूण कापलेलं जनावर पुढे उरणार नव्हतं. दीर निल्ला तिला सांगून थकला की सोड आता, उरलेली माझ्यात मिसळ, गावात राहा. ती म्हणायची, मे महिन्यात बघू.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. गाडी तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, कळप राखायच्या तिच्या झोपडीपाशी अडकली होती. क्रेटांतला बर्फ अर्ध्या वाटेतच संपला होता आणि स्लायडर वितळून पट्टा जाम झाला होता. मी नवे स्लायडर आणि हत्यारं घेऊन निघालो. दुपार होती, उजेड चांगला होता. माझ्या स्वतःच्या गाडीला आदल्याच आठवड्यात नवे स्लायडर घातले होते. तळ्यावर दोन किलोमीटर गेलो आणि मला तो वास आला. कदाचित आलाही नसेल. माझ्या धंद्यात नाकाला तो वास कधीही येतो.

मी काठावर चढलो.

मला माहीत नव्हतं असं नाही. मी सामीच आहे, रेनडियर राखणाऱ्या लोकांतला, माझ्या बापाने कळप विकून गॅरेज टाकलं एवढंच. माळ कुणाचा आणि कशासाठी राखलाय हे मला नीट माहीत होतं. मनात म्हटलं, एकदाच तर जातोय, एवढ्याने काय होतंय. मऊ बर्फ उडत होता, स्लायडर गार होते, गाडी अशी छान चालत होती की मी शीळ घालत होतो. सहा किलोमीटर माळावरून गेलो.

रावना झोपडीबाहेर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या मागे पाहिलं.

"कुठून आलास?"

"वरून. खाली स्लायडर जळत होते."

मी तिची गाडी आडवी केली, वितळलेलं प्लॅस्टिक छिन्नीने सोडवलं, रूळ पुसले, नवे स्लायडर सरकवले. ती लागेल ते हत्यार हातात देत राहिली. काम झाल्यावर सुकं मांस आणि कॉफी दिली. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपलो असतो. परतताना तळ्यावरून जायची मला लाज वाटली, म्हणजे आता तळ्यावरून गेलो तर चूक कबूल केल्यासारखं होईल असं वाटलं. मी आलो त्याच वाटेने माळावरून गेलो आणि शेवटी जवळचा रस्ता म्हणून नदीच्या मुखाकडे उतरलो. नदी तळ्यातून बाहेर पडते तिथे खाली पाणी वाहतं असतं. फेब्रुवारीत तिथला बर्फ जाड होता.

नंतर निल्लाकडून कळलं की ती तीन दिवस फावड्याने माझी चाकोरी मोडत होती. सहा किलोमीटर कुणाच्याने होतात? बरीच घट्ट होऊन गेली होती. मग चाकोरी नदीकडे उतरते तिथे तिने दोन बर्च झाडांच्या मध्ये दोरी ओढली आणि तिला चिंध्या बांधल्या, कळप बुजावा म्हणून. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वादळ आलं आणि दोरी गेली. वाऱ्याला पाठ करून माद्या चाकोरीला लागल्या. घंटा बांधलेली मादी सगळ्यांच्या पुढे. सकाळी रावना पोचली तेव्हा नदीच्या मुखाशी पाणी उघडं होतं. एकोणीस माद्या आत गेल्या होत्या, होत्या तेवढ्या सगळ्या.

आमच्याकडे कुणाला त्याची जनावरं किती हे विचारत नाहीत आणि कुणी आपणहून सांगत नाही. एकोणीस हा आकडा मला रावनानेच सांगितला, फोनवर, काही विचारलं नसताना. तिच्या लेखी कळप संपला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आठवड्याने तिच्या घरी गेलो आणि अंगणातच तिच्या गाडीचे स्लायडर बदलले. जुने अजून चालले असते. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. ती खिडकीतून बघत होती.

मेच्या मध्यावर ती गाडी ट्रेलरवर घालून आली. विकायची आहे, म्हणाली. उरलेले चार नर निल्लाकडे गेले होते. मी कॉफी ओतली. चीज नव्हतं. कित्येक आठवडे मनात घोळवलेलं वाक्य मी बोलून टाकलं.

"रावना, माझ्यामुळे झालं."

"हो," ती म्हणाली.

मी मान खाली घालून बसलो. तिने कप दोन्ही हातांत धरला होता.

"हा गरम आहे का, हेइका?"

"कॉफी? आत्ताच तर ओतली. का गं?"

"मला कळत नाही. मिक्कल गेल्यापासून काहीच नीट कळत नाही. गरम, गार, कुणी काय बोललं ते. माद्या पाण्यात पाहिल्या तेव्हाही काही झालं नाही. नुसती उभी होते." तिने कप खाली ठेवला. "मला वाटलं होतं, पाडसं झाली की कळायला लागेल परत."

मी बाईला घट्ट म्हणत होतो. मला मात्र सगळं कळत होतं, आणि मला त्या क्षणी तिचा हेवा वाटला, हेही खरं सांगतो.

"गाडी बघून घे," ती उठत म्हणाली. "घेणाऱ्याला स्लायडर चांगले लागतात ना. बदलायचे असले तर बदल."

मी गाडी उचलली, दिवा घेऊन खाली वाकलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच रावनाच्या स्लायडरची कड जशीच्या तशी होती. झीज नाही, डाग नाही. मी अंगणात ते घातले तेव्हापासून ती तळ्यापलीकडे गेलीच नव्हती.

"नकोत बदलायला," मी म्हणालो. "नव्यासारखे आहेत."

"मग बरं," ती म्हणाली, आणि ट्रेलर सोडवायला बाहेर गेली.