आप्पाचा बेलभंडारा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, कुणास ठाऊक. दुपारचं जेवण झालं की गावाकडच्या सोप्यात मला डुलकी लागते, आणि त्या अर्धवट झोपेत सगळं एकमेकांत मिसळतं — परदेशातल्या माझ्या दूतावासाच्या खिडकीबाहेर बर्फ पडत असतो, निपाणीकडून तंबाखूचा वास येत असतो, आणि बघता बघता तो बर्फ पिवळा होत जातो. हळदीसारखा. मग मी जागा होतो आणि उगीचच हात लुंगीला पुसतो.

राजदूत म्हणून निवृत्त झालो, गावी आलो. लोक म्हणाले, साहेब, आमदारकीला उभं ऱ्हावा. मला लई गुदगुल्या झाल्या! पण तिकीट आप्पाचं होतं. आप्पा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मी देशोदेशी मेजवान्या झोडत होतो, तेव्हा हा गडी लोकांचे कागद घेऊन चिकोडीच्या कचेरीत उभा असायचा. मराठी माणसाचं मराठीत ऐकायचा, कन्नड माणसाचं कन्नडमध्ये. गावात बांधाचं भांडण असो की वाटणीचं — आप्पानं बेलभंडारा उचलला की विषय मिटला. देवाचा बेल आणि हळद हातात घेऊन घेतलेली शपथ. आमच्याकडं ती कोर्टाच्याही वर.

आप्पानं तिकीट मला सोडलं. एका बोलीवर — एक खेप माझी, पुढची त्याची. बिरोबाच्या देवळात, धुक्यातल्या पहाटे, आम्ही दोघं आणि म्हातारा पुजारी. मी बेलभंडारा उचलला. उचलताना माझ्या मनात काय होतं, सांगू? आमच्या नोकरीत कराराच्या मसुद्यावर नुसती आद्याक्षरं टाकायची एक पद्धत असते. दिल्लीचा होकार येईपर्यंत त्यानं कुणी बांधलं जात नाही. फिरवायचं असलं तर फिरवता येतं. मी बिरोबासमोर आद्याक्षरं टाकत होतो. किती हुशार, नाही?

पाच वर्षं झाली. खुर्ची गोड लागली — दुसरं कारण नाही. पुजारी मधेच वारला. निवडणूक जवळ आली तसा आप्पा भर चावडीत, अगदी साधेपणानं म्हणाला, "बाळू, आता माझी खेप रं. बिरोबाम्होरं ठरलंय आपलं."

आणि मी — मनातल्या मनात आठवतानाही इथं मी नेहमी अडखळतो — मी हसलो. राजदूताचं ते हसू, तीस वर्षं घोटलेलं. म्हणालो, "आप्पा, कधी ठरलं? तुला सपान पडलं आसंल."

चावडी हसली. मी खोटं बोललो होतो. ठरवून, थंड डोक्यानं. आप्पानं एकदाच माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता शिव्या घालील. घालायला पाहिजे होत्या. पण तो हळूच म्हणाला, "आसंल बाबा. सपानच आसंल." चपला घातल्या आणि गेला. माझी अब्रू राखली का त्यानं? की देवाच्या नावाची चारचौघांत ओढाताण नको म्हणून? विचारायची माझी छाती कधी झाली नाही.

मी पुन्हा निवडून आलो. आप्पाला मात्र त्यानंतर कुणी बोलावेना. तिकिटासाठी देवाची खोटी आण सांगणारा, असा त्याचा बोभाटा झाला. भांडणात त्यानं तोंड उघडलं की पोरं फिदीफिदी हसायची — "आप्पा, परत सपान पडलं व्हय?"

गेल्या महिन्यात दोन भावांचं विहिरीवरून पेटलं. त्यांच्या बापानं वाटणी केली होती ती माझ्या आणि आप्पाच्या देखत. सगळे बिरोबाच्या देवळात जमले. आप्पा सवयीनं पुढं झाला, हात पुढं केला. तसा धाकटा भाऊ म्हणाला, "तुमी नगं, आप्पा. सायेब उचलू द्यात. सायबांचा शब्द खरा."

आप्पानं हात मागं घेतला, बाहेर गेला आणि पायरीवर, माझ्या चपलांशेजारी बसला.

ताटात पिवळाधमक भंडारा होता. तेव्हा तरी सांगता आलं असतं. गाव समोर होतं, आप्पा हाकेच्या अंतरावर होता.

मी हात पुढं केला आणि भंडारा उचलला.